हवेतलं पत्र

टायपिस्टकाका समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता टेबलावर बोटांनी टाइप करत. कोलकात्याच्या बेहाला भागातल्या त्यांच्या घरी चहाला बसलं, की आपली बडबड कुणीतरी टकाटक उतरवून घेतंय असं वाटे. बँकेच्या बदलीवर ते या शहरात आले, निवृत्त झाले, काकू गेल्या, तरी इथेच राहिले. पुढे संधिवाताने बोटं आखडली आणि टेबल गप्प झालं.

सांगलीच्या अक्कांना, म्हणजे थोरल्या बहिणीला, ते दर आठवड्याला पत्र टाइप करून पाठवत. अक्कांना ऐकू येत नसे, त्यामुळे फोन कुचकामी. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते." तर म्हणाले, "अक्काला लिहायचं ते तिसऱ्याच्या कानावरून कशाला?" बोलून टाइप करायची सोय दाखवली, तीही नको. "रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकवत नाही गं."

न्यू टाउनच्या आमच्या ऑफिसात तेव्हा हातवाऱ्यांनी लिहिण्याचा प्रकल्प चालू होता. हवेत अक्षर गिरवायचं, कॅमेरा ते ओळखून पडद्यावर उमटवणार. चाचणीला माणूस हवाच होता. ऑफिसचा लॅपटॉप मी काकांकडे ठेवला. पहिल्या दिवशी अख्खा हात फिरवून त्यांनी 'अक्का' लिहिलं आणि खुदकन हसले. मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून बसले होते.

पण पत्र पुरं होईना. रोज संध्याकाळी सगळं कोरं! मी यंत्राला शिव्या घातल्या. दोष माझाच निघाला. दोन्ही हात जोडले की सगळं पुसायचं, ही खूण मीच ठरवलेली. आणि दिवेलागणीला शेजारी शंख वाजला, की काकांचे हात आपसूक जुळत. चाळीस वर्षांत अंगवळणी पडलेली इथली रीत.

"तुमच्या ऑफिसात कुणी नमस्कार करत नाही वाटतं?" ते म्हणाले. मी ओशाळून खूण बदलली.

पान अर्धं भरलं आणि कंपनीने प्रकल्पच गुंडाळला. लॅपटॉपसाठी मुदत मागितली, मिळाली नाही.

"आहे तेवढं छापून पाठवू?"

"नको. अर्ध्याने तिला घोर लागेल."

"मग उरलेलं सांगा ना काका."

त्यांनी लॅपटॉप हलकेच मिटला. मला फार अपराधी वाटलं. मग म्हणाले, "नवा कागद घे. लिही, इकडे सर्व ठीक. काळजी नसावी."

"पुढे?"

"एवढंच."

त्याच थंडीत काका गेले. अक्कांना भावाचं आलेलं शेवटचं पत्र ते, अक्षर माझं.