बाल्कनीची कडी

काजबाईला विमानाची भीती वाटली नाही. विमानाचं दार वाटेत उघडत नाही, हे तिने आधीच चार जणांना विचारून घेतलं होतं. तिला भीती होती झोपेची. बाई झोपेत चालायची. लहानपणची खोड, पन्नाशी उलटली तरी सुटली नव्हती. घरी लेक दाराला कुलूप घालून किल्ली आपल्या उशाखाली ठेवायची. एकदा विसरली, तर वॉचमनने आईसाहेबांना फाटकापासून हाताला धरून घरी पोचवलं. पुढे कित्येक दिवस काजबाई त्या फाटकातून खाली मान घालून जायची.

शर्टाच्या कारखान्यात ती काजं पाडायच्या मशीनवर होती, म्हणून काजबाई. शेजारच्या मशीनवरची बटणबाई. ही भोकं पाडणार, ती झाकणार, अशी जोडी. पुढे बटणबाई नवऱ्याबरोबर परदेशी गेली, पाठोपाठ कॉलर शिवणारी कॉलरवालीही त्याच शहरात गेली. या वर्षी बटणबाईचा नवरा वारला. फोनवर ती म्हणायची, "मी मजेत आहे गं." मजेत म्हणे! कॉलरवालीला काही ते पटेना. तिने फर्मान काढलं, "चार दिवस ये तिच्याकडे."

"एकटी येऊ?"

"मग काय वरात आणतेस?"

निघताना लेक म्हणाली, "आई, मावशीला तुझं ते चालण्याचं आधी सांग हं." काजबाई "सांगते" म्हणाली आणि सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बटणबाईचं घर निघालं नवव्या मजल्यावर. पाहुणीचा पलंग बैठकीत, आणि पलंगासमोर बाल्कनी. कठडा जेमतेम कमरेएवढा. काजबाईने खाली डोकावलं. माणसं बटणाएवढी दिसत होती. बाल्कनीच्या दाराची कडी तिने तीनतीनदा ओढून बघितली. आज डोळा लावायचा नाही, असं तिने ठरवलं. पण प्रवासाने थकलेला जीव, पडल्या पडल्या गाढ झोपली.

सकाळी उठली तर बाल्कनीचं दार सताड उघडं. तळपाय धुळीने काळे. काजबाईची पाचावर धारण बसली. म्हणजे आपण तिथवर गेलो होतो! कठड्यापाशी! परत कसे आलो? स्वयंपाकघरात बटणबाई चहा गाळत होती. तिचे डोळे सुजलेले होते. "झोप लागली का?" तिने विचारलं. "छान लागली," काजबाई म्हणाली. तिने काळे तळपाय खुर्चीखाली ओढून घेतले.

दिवसभर कॉलरवालीने दोघींना बाजारात फिरवलं, जुन्या सुपरवायझरची नक्कल करून हसवलं. बटणबाईही हसली. काजबाईला मात्र घास गोड लागेना. सांगावं का? पण काय सांगणार? नवरा गेलेल्या बाईच्या घरी आधार द्यायला आले आणि मलाच धरून ठेवा?

रात्री तिने ओढणीने आपला पाय पलंगाला बांधला. गाठ अशी मारली, की जागेपणीसुद्धा सुटताना नाकी नऊ यावेत.

सकाळी पहिला हात पायाकडे गेला. गाठ जशीच्या तशी. "सुटले गं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. मग तिची नजर समोर गेली.

बाल्कनीचं दार उघडं होतं.

भूत असतं तर परवडलं असतं. घरात दोघीच तर होत्या. काजबाई गाठीशी झटू लागली. गाठ काही सुटेना. "अगं ए! कुठे आहेस तू?" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"इथेच आहे," बाल्कनीतून आवाज आला. बटणबाई तिथेच खाली भिंतीला टेकून बसली होती. रात्रभर बसली असावी. ती आत आली, ओढणीकडे बघत राहिली.

"हे काय?"

"मी झोपेत चालते. तुला सांगायची लाज वाटली."

"मला माहीत आहे," बटणबाई पलंगाच्या कडेला बसत म्हणाली. "परवा रात्री मी कठड्यापाशी उभी होते. मनात नको ते होतं. तेवढ्यात मागून तू आलीस. डोळे उघडे, पण झोपेत. सरळ कठड्याकडे निघालीस. तुला धरावंच लागलं. आणून निजवलं, पांघरूण घातलं. मग परत बाहेर जायचं मन झालं नाही."

"आणि काल?" काजबाईने विचारलं.

"कालही उभी राहिले. बराच वेळ. सारखी मागे वळून बघत होते." बटणबाईने ओढणीच्या गाठीवर बोट ठेवलं. "काल तू आलीच नाहीस."

काजबाईला रडू फुटलं. "मला फार भीती वाटते गं," ती म्हणाली आणि मैत्रिणीचं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने तिने कॉलरवालीला फोन लावला, आहेस तशी निघून ये म्हणून सांगितलं. कॉलरवाली येऊन दार वाजवायला लागली, तेव्हा ते उघडायलासुद्धा तिने बटणबाईला एकटीला जाऊ दिलं नाही. पलंगाशेजारच्या खणातली कात्री तिला काढून द्यायला लावली, ओढणी कापली, आणि दोघी मिळून दाराशी गेल्या.