पत्रा दिसेपर्यंत

अन्याय झाला तो गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरवर. अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला, सकाळी नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान, द्वारका चौकाच्या मागे आमच्या चाळीच्या अंगणात. करणारा मी. आमच्या संघटनेच्या पत्रकांत आरोपी सुरुवातीलाच असतो, तेव्हा इथंही तसंच. पेंटरचं नाव मात्र देत नाही. त्या सकाळी मी ते चारचौघांत मातीत घातलं. आता लेख सजवायला ते वापरणार नाही.

चाळीत सगळे त्यांना मामा म्हणायचे. तुमच्यापैकी जे तिथं राहिले असतील त्यांना मामांचा हात आठवेल. गाडी उभी दिसली की खिशातून मलमलचं झिरझिरीत फडकं काढायचे, पत्र्यावर टाकायचे, त्यावर पंजा ठेवून डोळे मिटायचे आणि हात सावकाश फिरवायचे. "हितं खड्डा हाय." आम्हाला कुणाला तो दिसायचा नाही. कापडाखालचं हाताला जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी पोस्टमनच्या सायकलवरही हात फिरवला. पोस्टमन म्हणाला, "काय मामा, ताप आहे का तिला?"

"ताप नाय. उपाशी हाय. तेल पाज."

मूळचे येवल्याकडचे. वडील पैठणीच्या मागावर बसायचे. "बाप डोळं झाकून तुटका धागा शोधायचा. मी पत्र्यावरचा खड्डा शोधतो. घराण्याचं नाव बुडवलं बघ," असं म्हणून स्वतःच हसायचे. बरीच वर्षं एका गॅरेजमध्ये त्यांनी रंग फवारायची गन चालवली. मग मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं. लख्ख दिसायला लागलं तोवर गॅरेजमध्ये त्यांच्या जागी दुसरा आला होता. गन त्यांची स्वतःची होती. काम नसलं तरी रोज सकाळी ओट्यावर बसून ती थिनरनं धुवायचे, पुसायचे आणि परत कापडात गुंडाळून ठेवायचे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा, संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. पेठ-सुरगाण्याकडून कामाला येणाऱ्या मजुरांच्या हक्कांची पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. 'श्रमाला प्रतिष्ठा' हे शब्द माझ्या पत्रकात नसले तर कंपोझिटर विचारायचा, विसरलात का म्हणून. त्याच वर्षी एका दूधवाल्याकडून जुनी स्कूटर घेतली. त्यानं तिला दारं-खिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट ब्रशनं फासला होता आणि तो जागोजाग पापुद्रे धरून सुटत होता. मी ठरवलं, हिला घरीच रंगवायचं, आपल्या हातानं.

मामा ओट्यावरून म्हणाले, "काय पुढारी, गाडीला खरूज झाली का?"

"रंगवतोय मामा."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? गाडीवर."

ते उठून आले. नखानं हिरवा पापुद्रा उचलला. "ह्याच्यावर मारशील तर पस्तावशील. ऑइलपेंट पार काढायचा. पत्रा दिसेपर्यंत. वरून आपला थिनरचा रंग पडला का खालचा उठतो, बंड करतो. तुझ्यासारखा."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, गोल गोल नाही, एकाच दिशेनं. खड्ड्यांत लांबी भरायची, म्हणजे रंगाच्या आधी पत्रा सपाट करणारा तो लगदा. वाळली की पुन्हा घासायचं. मग प्रायमर. माझ्या बोटांची सालं निघाली. मामा खूश. "आता कुठं कामगारांवर लिहायला लायक झालास."

याच काळात द्वारकेवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या टेम्पोंना दिवाळीआधी रंग द्यायचा होता. मामा दोनदा त्याच्याकडे जाऊन आले. शेठ म्हणाला, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणे, आधी हात दाखवा. मामांनी मला विचारलं, "पुढारी, तुझी गाडी खंडेनवमीला सकाळी मारू का? शेठला बोलावतो. त्याच्यासमोर होऊन जाऊ दे." मी म्हणालो, मारा की. मामांनी दाढी केली ती तीन दिवस आधीच, आणि मग खंडेनवमीला पुन्हा.

आता मी काय केलं ते ऐका. स्कूटरच्या मागं दोन फुगीर झाकणं असतात. डावं मी खरवडलं, पत्रा दिसेपर्यंत. उजवं राहिलं. त्र्यंबकला मजुरांची सभा होती आणि मला तिथं भाषण करायचं होतं. उजव्या झाकणाचा हिरवा रंग मी वरवर घासला आणि त्यावर जाड प्रायमर चोपडून टाकला. मामांनी आदल्या दिवशी फडकं टाकून हात फिरवला. गुळगुळीत लागलं.

"पत्रा दिसला होता ना इकडं?"

"दिसला मामा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

खंडेनवमीला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला. चाळ गोळा झाली. आई हळदकुंकवाचं तबक आणि झेंडूची माळ घेऊन उभी. "मामा, लगेच माळ घालू?" "ताई, गाडी कुठं पळून चालली? तासभर थांबा." सगळे हसले. शेठ खुर्चीवर बसला होता. मामांनी तोंडाला रुमाल बांधला आणि गन उचलली.

आधी पुढचा भाग. मग डावीकडचं झाकण. गडद मरून रंग असा पडत गेला की बघणारे पुढे सरकले. हात कुठं थांबला नाही, कुठं ओघळ आला नाही. शेठ म्हणाला, "हात आहे हो अजून." मामांनी ऐकलं. रुमालावरून डोळे तेवढे दिसत होते, पण ते हसत होते.

मग उजवं झाकण. दोन मिनिटं ते आरशासारखं चमकलं. तिसऱ्या मिनिटाला त्याच्यावर सुरकुती आली. मग दुसरी. दुधावरची साय चमच्यानं ढकलावी तसा सगळा रंग गोळा झाला.

मामा खाली वाकले. सुरकुतीत नख घातलं. नखावर हिरवा रंग आला. त्यांनी तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. नख पायजम्याला पुसलं, उठले आणि शेठला म्हणाले, "हवा दमट हाय. माझाच अंदाज चुकला."

शेठ माझ्याकडे वळला. "घासायचं काम तुझं होतं ना रे? नीट केलं होतंस?"

मी म्हणालो, "हो. मामांनी सांगितलं तसंच. पत्रा दिसेपर्यंत."

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी भित्राच ठरलो असतो. पण मी पुढे बोललो. कुणीही विचारलेलं नसताना, समंजस आवाजात. "वय झालं ना आता त्यांचं."

शेठ उठला. "मामा, आता आराम करा," म्हणाला आणि गेला. मागून कुणीतरी पुटपुटलं, हात गेला म्हाताऱ्याचा. चाळीत राहणाऱ्यांनो, तुमच्यापैकीच होतं कुणीतरी. मी त्याला अडवलं नाही.

संध्याकाळी मामा आमच्या दारात आले. मला वाटलं, आता आईसमोर बोलणार. ते म्हणाले, "उजवीकडचं परत काढ. नाहीतर पावसात पत्रा सडंल." आईनं चहा विचारला. नको म्हणाले आणि गेले.

मी ते झाकण खरवडलं. रंग ब्रशनं मारला, ओघळांसकट. त्याच स्कूटरवर बसून गावोगाव श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत फिरलो. टाळ्या पडायच्या. मामा ओट्यावर बसायचे, पण गन धुवायची त्यांनी बंद केली होती. मी समोरून गेलो की "काय पुढारी" म्हणायचे, पूर्वीसारखंच. मला ते पूर्वीसारखं नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्यावरच चिडलो असतो आणि सुटलो असतो.

दोन वर्षांनी ते लेकीकडे येवल्याला गेले. त्यानंतर कामासाठी किती वेळा मी त्या रस्त्यानं गेलो असेन. एसटी येवल्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. मी उतरायचो, चहा प्यायचो, परत चढून बसायचो. एकदा वाटलं, पुढच्या फेरीला नक्की त्यांच्या घरी जायचं. त्या फेरीच्या आधी मामा वारल्याचं चाळीत कळलं.

गेल्या आठवड्यात मी शेठच्या ऑफिसात गेलो. सगळं सांगितलं, हिरव्या रंगासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण मामा?"

माझी कबुली ऐकायला आता कुणी उरलेलं नाही. तुमचं तसं नसेल. तुम्हीही कधीतरी एखाद्या कारागिराबद्दल "त्याचा हात गेला" हे कुणाकडून तरी ऐकलंत आणि पुढे सांगितलंत. सांगणारा माझ्यासारखाच कुणी असू शकतो. त्या कारागिराच्या घरी जा. हातात काम घेऊन जा. त्या दिवशी नक्की काय झालं होतं ते त्याच्या तोंडून ऐका, आणि जिथं जिथं ते वाक्य बोललात तिथं जाऊन ते परत घ्या. वाचून झालं ना? मग उठा.