उसने सत्कारमूर्ती

आता काय सांगू तुम्हाला, एका माणसाला फसवायला गेलेलो आणि भर सभागृहात स्वतःच उघडा पडलो! चहा घ्या, सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे टिपणीस सर विद्यापीठात पत्रकारिता शिकवून निवृत्त झालेले, आणि ठाण्याच्या वर्तकनगरमधलं घर आवरून कायमचे नागपूरला मुलीकडे निघालेले. आम्ही माजी विद्यार्थी हळहळलो. माझ्यासारख्या ठोंब्याला बातमी लिहायला शिकवली ती सरांनी. जाण्याआधी त्यांच्या खांद्यावर आमची एक शाल तरी पडायलाच हवी होती. पण सर सत्कार घेतील तर शपथ! "आज शाल घेतली की उद्या लिहिताना हात आखडतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग मी माझी अक्कल पाजळली.

"सर, नौपाड्यात आमचा मेळावा आहे. एका प्राध्यापकांचा सत्कार करायचाय, तुमच्या हस्ते. दोन शब्द बोला त्यांच्यावर." म्हटलं, एकदा स्टेजवर आले की शाल त्यांच्याच खांद्यावर टाकू. काय पण आयडिया! मी स्वतःवर जाम खूश.

सर लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, "पण न भेटता मी कुणाबद्दल अवाक्षर बोलत नाही. त्यांचा पत्ता दे."

झाली ना पंचाईत! पत्ता देणार कुणाचा? ततपप करता करता तोंडातून जो बाहेर पडला तो डोंबिवलीचा. माझ्या सासऱ्यांचा!

सासऱ्यांना मी अप्पा म्हणायचो. सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात, आणि बोलायला बसले की थांबायचं नाव नाही. "कल्याणला चाळीत असताना काय झालं..." अशी त्यांनी सुरुवात केली की मला हमखास काहीतरी काम आठवायचं. मेहुणा तर चपला घालूनच बसायचा! म्हटलं, अप्पा सरांना सहज गुंडाळतील.

"अप्पा, एक दिवस प्राध्यापक व्हाल?"

"व्हायला काय जातंय! विषय कुठला?"

"कुठलाही सांगा हो. फक्त बोलत राहा."

बायको आतून म्हणाली, "अहो, अप्पांना खोटं बोलता येत नाही."

"तू गप गं!" मी म्हटलं. ऐकायला हवं होतं ना तिचं? पण मी कसला ऐकतोय.

सर सकाळी डोंबिवलीला गेले ते अप्पांकडे जेवून, दुपारचा चहा घेऊन परतले. मला एवढंच म्हणाले, "चांगला माणूस दाखवलास रे." मी मनात म्हटलं, अप्पांनी बाजी मारली!

मेळाव्याला सभागृह गच्च भरलेलं. स्टेजवर अप्पा, शेजारी सर, आणि माझा मित्र शरद आमची एकुलती एक शाल घेऊन उभा. मी त्याला डोळ्याने खुणावणार, इतक्यात सरच माइकपाशी गेले.

"मला सांगितलं होतं, हे प्राध्यापक आहेत. मी विचारलं, विषय कोणता? तर म्हणाले, जावयाला विचारून सांगतो."

जो काही हशा पिकला म्हणता! मी खुर्चीत होता होईल तेवढा खाली सरकलो.

"तरी मी बसलो," सर सांगत होते. "माणूस बोलतोय तर ऐकू या, म्हटलं. कल्याणच्या चाळीत हे रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचायचे. कारखान्यातून दमून आल्यावर. भाजीवाल्या, हमाल, मासे विकून परतलेल्या कोळणी, ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सगळ्यांसाठी. शेजारच्या एक आजी अंध होत्या. त्यांच्याकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून. आपण नुसते लिहितो. लिहिलेलं शेवटच्या माणसापर्यंत नेलं यांनी. तुम्ही सत्काराला अगदी योग्य माणूस निवडलात."

आणि शरदच्या हातातली शाल घेऊन सरांनी ती अप्पांच्या खांद्यावर घातली!

कल्याणला चाळीत असताना काय झालं, ते मला असं कळलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन! आणि मी पेशाने पत्रकार, बरं का!

टाळ्या थांबेनात. बायको पदराने डोळे पुसत होती. मला मात्र दरदरून घाम. शाल गेली, सर चारच दिवसांत नागपूरला जाणार, आणि त्यांचा सत्कार राहिला तो राहिलाच.

"आता काय करायचं रे?" शरद माझ्यापाशी येऊन कुजबुजला.

"माझ्याकडे काय बघतोस!"

तेवढ्यात अप्पा उठले. "मी बोलायला लागलो की घरची माणसं उठून जातात," ते म्हणाले. "यांचा चहा गार झाला, तरी हे हलले नाहीत." त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि सरांना पांघरली. "नाही म्हणू नका, सर. माझ्याविरुद्ध तुम्हाला कधी काही लिहायची वेळ यायची नाही."

सरांनी नको म्हणायला तोंड उघडलं. मग नुसताच चष्मा काढला आणि पुसत बसले.

आता माझी पाळी. सरांसाठी मी चांगलं सहा पानी भाषण लिहून आणलेलं. माइकपाशी जाऊन "आदरणीय सर" म्हटलं आणि डोळेच भरून आले. पुढची ओळच दिसेना.

"आणा इकडे, जावईबापू," अप्पा म्हणाले, आणि वाचू लागले. काय वाचलं हो! माझंच लिखाण, पण मलाच हुंदका आवरेना. अख्खं सभागृह रडलं. आणि दोन मिनिटांत अप्पा खाली बसलेसुद्धा!

"अप्पा," मी कुजबुजलो, "मधली चार पानं राहिली!"

माइक जवळच होता, आणि चालूच होता. "राहिली नाहीत, गाळली," अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. "तुमच्या बातम्याही मी अशाच वाचून दाखवतो. नाहीतर लोक उठून जातात हो!"

सर शाल सावरत माझ्याकडे वळले. "ऐक त्यांचं," म्हणाले, "मी सांगून सांगून थकलो."