गळ्यावरचा बिब्बा

आईच्या गळ्यात, थायरॉइडमध्ये, हरभऱ्याएवढी गाठ सापडली ती उमरग्याच्या सोनोग्राफीत. तपासली तर कॅन्सर. त्या दिवसापासून जळकोटात आमच्या घरी येणारा प्रत्येक जण डॉक्टर झाला आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, पसरलेली नाही. नुसतं लक्ष ठेवून राहता येईल, कापून काढता येईल, नाहीतर बाहेरून सुई घालून आतल्या आत उष्णतेनं जाळता येईल. गळ्याला सुरी म्हटल्यावर आई खुर्चीतून उठलीच. गाठ अंगात ठेवून तिला झोप लागणार नव्हती. राहिली सुई.

मग बघायला येणाऱ्या एकेकाला मी तेच पुराण सांगत बसले. टाके नाहीत, संध्याकाळी घरी. पूर्ण भूल देत नाहीत, पेशंट जागाच असतो, फक्त हलायचं नाही, गिळायचं नाही, कारण आवाजाची नस शेजारीच असते. सांगताना मला जरा मिरवल्यासारखंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अणदूरची आत्या ऐकून म्हणाली, "म्हंजी डागच की! त्याला पुण्याला कशाला मरायला जायाचं?"

आत्याचा बिब्बा पंचक्रोशीत प्रसिद्ध. कुणाची कंबर धरली, कुणाचं पोट दुखलं, की ही बिब्बा दिव्यावर धरणार आणि त्याचं गरम तेल सुईच्या टोकानं कातडीला लावणार. मी तिथंच बजावलं, "आत्या, तुम्ही आईच्या गळ्याला हात लावायचा नाही." ती पान चघळत हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. आईनं गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळला होता. गाडीत वारं लागतं म्हणाली. पुण्यात टेबलावर तो पदर सुटला आणि डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. गाठीच्या बरोबर वर पाच काळे डाग, भोवती फोड आलेले, कातडी सुजलेली.

असल्या कातडीतून सुई घालणार नाही, ते म्हणाले. हे बरं होऊ द्या, मग परत सोनोग्राफी. गाठ वाढली असेल तर कदाचित कापावंच लागेल.

बाहेर आल्या आल्या मी आत्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं उलट उत्तर दिलं नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या आईला इचार."

आई बाकावर बसली होती. "त्यांच्यावर कशाला वरडतीस? म्याच म्हनलं वन्संला, लावा म्हणून."

"का पण? अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"तूच म्हनलीस ना, जागी ठेवून जाळत्यात, हलायचं न्हाय. हलले आन् वाचाच गेली तर? म्हनून बघितलं, सोसतंय का. पाच बार लावला. एकदाबी हलले न्हाय म्या, वन्संला इचार."

माझा राग जागच्या जागी जिरला. सुई घालण्याआधी इंजेक्शन देऊन गळा बधिर करतात. सगळ्या गावाला पुराण सांगितलं आणि हे एवढं एक वाक्य तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ते मी तिला तिथं, त्या बाकावर सांगितलं.

तिनं फोडांना लागू नये असा पदर हळूच सारखा केला.

"मग आधी न्हाय व्हय सांगायचं?"