वांग्याचं पथ्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी रागाच्या भरात नको ते सगळं सांगून बसतो. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच न्यायाधीश होऊन बसू नका. तुमच्याही घरात, फ्रिजच्या दारात, कुठल्या तरी मलमाची पिळून चपटी झालेली ट्यूब असेल. कुणी दिली, कशासाठी दिली — कधी विचारलंत?

मी हिरवी डबी विकायचो. चाकणच्या बाजारात, आणि एरवी कंपन्यांच्या गेटबाहेर, शिफ्ट सुटायच्या वेळेला. जुनी व्हॅन, वर भोंगा, भोंग्यात माझाच आवाज — नायटा, खरूज, इसब, घामोळं, पायाच्या भेगा, मुका मार, कंबरदुखी, सगळ्यावर एकच डबी! जामखेडकडून आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडे काही नव्हतं. एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये हेल्पर होतो, सुपरवायझरशी भांडून बाहेर पडलो. व्हॅन, भोंगा, मोशीतलं घर — सगळं या जिभेवर कमावलं.

आणि गिऱ्हाईक कसलं? डबीत बोट घालून वास घेणार, वर म्हणणार, "भावा, दोन घेतो, एक फुकट टाक." ओव्हरटाइमचे पैसे बुडवले तर कंपनीत तोंड उघडणार नाहीत, माझ्यापुढे मात्र वाघ. "नीघ, खाजवत बस," असं मी तोंडावर सांगायचो. तो निघायचा, आणि कोपऱ्यावरून परत यायचा. खाज माणसाला परत आणते.

त्याच रस्त्यावर एक मेडिकलवाला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागेल त्याला मागेल ते द्यायचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे, गणपतीत आरतीचा मान त्याला. मी मात्र भोंगेवाला! हा काटा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कारण माझ्या डबीत काय होतं? कडुनिंबाचं तेल, मेण, कापूर, हिरवा रंग — आणि त्याच शेठकडून घाऊक आणलेल्या ट्यूबा. पांढरं मलम, स्टेरॉइडचं. मी ते पातेल्यात पिळायचो आणि ढवळायचो. खाज लगेच पळायची. नंतर नायटा दुप्पट पसरायचा, कातडी कागदासारखी पातळ व्हायची. मला हे माहीत नव्हतं, असं म्हणू? खोटं होईल. माहीत होतं. कसं, ते सांगतो. पण आधी पथ्य.

डबीबरोबर मी पथ्य द्यायचो. वांगं नाही, अंडं नाही, आंबट नाही. आपल्या लोकांचा औषधापेक्षा पथ्यावर विश्वास जास्त. पथ्य नसलेलं औषध त्यांना औषधच वाटत नाही. आणि विकणाऱ्याला? त्याला पथ्य ही ढाल. कुणी तक्रार घेऊन आला की मी भोंगा बंद करायचो आणि सगळ्यांदेखत विचारायचो, "वांगं खाल्लंस ना?" मेसवर जेवणारा माणूस — कधीतरी खाल्लेलं असतंच. मान खाली घालायचा. बाकीचे हसायचे. बहुतेकदा नवी डबी घेऊनच जायचा.

बालाजी मात्र मेसवर जेवणारा नव्हता. परभणीकडचा, मशीन शॉपला. शिफ्टभर हात कूलंटमध्ये, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्यात, त्यामुळे दोन्ही हात लाल, फुटलेले. पर्मनंट व्हायची संधी आली होती, आणि कंपनीच्या मेडिकल तपासणीत हात बघतात. "हात साफ दिसले पायजेत भाऊ, बाकी काय नको," म्हणाला. मी डबी दिली. हात साफ झाले. मेडिकल पास झाला, मला पेढा आणून दिला, व्हॅनशेजारी उभं राहून चार जणांना हात दाखवले. मीही तो पेढा खाल्ला.

मग हात पुन्हा फुटले, आणि भलतेच. पार्टची धार नुसती लागली तरी रक्त यायचं. तो गेटवर आला तेव्हा शिफ्ट नुकतीच सुटली होती, गर्दी होती. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं — शिवीला माझ्याकडे शिवी होती. पण तो हात पुढे धरून नुसता म्हणाला, "भाऊ, असं का व्हायलंय?"

मी भोंगा बंद केला. "वांगं?"

"नाही भाऊ. डबा घरचा असतोय. रेखा काटेकोर हाय."

लोक ऐकत होते. मी काय बोललो माहीत आहे? म्हणालो, "मग घरीच विचार. कालवणात काय काय घालून डबा भरते, तुला कळतंय का?"

"बालाजी, वहिनीनंच घात केला की राव!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मी पण हसलो. तो हसला नाही. तो विचार करत होता.

पुढच्या बाजाराला, भर उन्हात, गिऱ्हाईक नसताना रेखा आली. ओठ सुजलेला होता. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो, तरी ओळखलं. म्हणाली, "भाऊ, घरात वांगं आणलंच नाही मी. तुमचं ऐकतेत ते. एवढं सांगा त्यायला, वांग्यानं असं होत नसतंय."

एवढंच मागत होती. एक वाक्य.

"पथ्य म्हणजे पथ्य, ताई," मी म्हणालो. ती तिथून हलेना. म्हणून मी भोंगा चालू केला.

त्यानं तिला माहेरी धाडलं. हात मशीनवर चालेनात, नोकरीही गेली. खोली सोडून तो कुठे गेला, मी विचारलं नाही. व्हॅन मी नंतर विकली — पश्चात्तापानं नव्हे. वॉचमन गेटवर उभं राहू देईनात म्हणून.

आता ते राहिलेलं — मला कसं माहीत होतं ते. बालाजी पहिल्यांदा डबी घ्यायला आला त्याच्या आधीच माझ्या मुलीच्या मानेवर नायटा उठला होता. घरात हिरव्या डब्यांची खोकी पडलेली. मी एकही उघडली नाही. तिला चिंचवडला चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, मेडिकलमधली ट्यूब वगैरे लावलीत का? त्या ट्यूबनं वरवर बरं वाटतं, पण नायटा पसरतो, कातडी जाते. मी "नाही" म्हणालो — किती ठामपणे म्हणालो! निघताना सवयीनं विचारलं, पथ्य काय? डॉक्टर म्हणाले, काही नाही, सगळं खाऊ द्या.

रेखा येऊन गेली त्या संध्याकाळी आमच्याकडे भरलं वांगं होतं. मुलगी माझ्या शेजारी बसून जेवत होती. तिची मान स्वच्छ होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.