आपलं दप्तर आपण वाचायचं नाही

जुने कागद वाचणाऱ्यांकडे दोन गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ झटकता तरी येते. किस्से मात्र कुणी नुसतं "चहा घेणार का?" विचारलं की बाहेर पडतात, आणि एक सांगून झाला की मागे चार रांगेत उभे असतातच.

आमचा अड्डा नारायण पेठेत, एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा. लोक घरातले मोडी कागद घेऊन येतात. मराठेशाहीतले, त्यातही बहुतेक पेशवाईतले. आम्ही ते वाचून देतो आणि त्यातली नावं, गावं, नाती एका सामाईक यादीत घालतो. यादी सगळ्यांना खुली. तुमचे खापरपणजोबा तुमच्या घरच्या कागदात सापडत नाहीत; ते कुणा तिसऱ्याच्याच ट्रंकेतल्या कागदावर साक्षीदार म्हणून उभे असतात. म्हणून यादी सामाईक.

नियम तीनच. पहिला, आपलं दप्तर आपण वाचायचं नाही. दुसऱ्यानं वाचायचं, तेही मोठ्यानं. म्हणजे नको असलेलं वाक्य गिळता येत नाही. दुसरा, यादीत आलं ते आलं. तिसरा, खोलीत पेन आणायचं नाही. जुन्या कागदावर शाईचा एक थेंब पडला तर संपलंच, म्हणून फक्त पेन्सिल.

नियम बापूकाकांचे. बापूकाका पोस्टातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर, मोडी असं वाचतात जसं आपण सकाळचा पेपर. दारावरची पाटीही त्यांचीच : 'पूर्वज शोधून मिळतील. पराक्रमी निघतीलच अशी हमी नाही.'

यादी मात्र माझ्या मुलीची, सायलीची. ती मोडी शिकली, कॉम्प्युटरवर यादी तिनं उभी केली आणि मलाही तिनंच ओढून नेलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेवीस वर्षांची होती. तेव्हापासून रविवारी तिच्या खुर्चीवर मी बसतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, मोडी मला तिच्याइतकी येत नाही. ती गेल्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला कुणाची हरकत नको.

* * *

एकदा एक निवृत्त बडे अधिकारी आले. खिशाला सोनेरी क्लिपचं पेन. जिन्यात आम्ही एक पत्र्याचा डबा ठेवला आहे, येणाऱ्याचं पेन त्यात जातं. बापूकाकांनी डबा पुढे केला.

साहेब दुखावले. "अहो, मी आयुष्यभर सरकारी कागदांवर सह्या केल्यात!"

"म्हणूनच," बापूकाका म्हणाले. "सवय असते."

पेन डब्यात गेलं. साहेबांच्या घराण्यात 'उत्तरेच्या मोहिमेवर गेलेला शूर पूर्वज' होता. त्याचं पत्रही मिळालं होतं, कापडात गुंडाळलेलं, वर हळदकुंकू. बापूकाकांनी ते उलगडलं आणि मोठ्यानं वाचलं. शूर पूर्वजानं छावणीतून घरी लिहिलं होतं, की थंडी फार पडली, हाती लेखणी धरवत नाही, येणाऱ्या माणसाबरोबर जाड दुलई पाठवणे. मग पुन्हा दुलई. शेवटी आईस दंडवत आणि पुन्हा एकदा दुलई.

साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं, "पण लढले ना?"

"लढले की!" बापूकाका म्हणाले. "थंडीशी."

साहेब म्हणाले, हे यादीत घालू नका. आम्ही घातलं. दुलईसकट.

* * *

मांजरी गावाकडचे सोपानराव आणि त्यांचे भावकीतले दत्तोबा एकाच रविवारी आले, पण वेगवेगळ्या गाड्यांतून. दोन घरांत पिढ्यान् पिढ्यांचा वाद : पाटीलकीचा पहिला मान कुणाचा? गावच्या जुन्या निवाड्याचा कागद दोघांच्या सामाईक ताब्यात होता. दोघांनी दोन टोकं धरूनच तो जिना चढवला असावा.

तेव्हाचे पाटील सही म्हणून नांगर काढत. ज्याचा नांगर वर, त्याचा मान मोठा. कागद उघडला तर दोन नांगर, अगदी एका ओळीत, शेजारी शेजारी! लिहिणारा कारकून शहाणा असणार.

"डावीकडचा आमचा," सोपानराव म्हणाले. "डावा आधी वाचत्यात. म्हंजी पयला आमचा."

दत्तोबांनी कागद शांतपणे उलटा फिरवला. "आता?"

कागद वाचत होत्या सुमनताई. कचेरीत जमिनीचे उतारे लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, असल्या भांडणांची त्यांना सवय. त्या म्हणाल्या, "अहो, आता त्या जमिनीवर पीक तरी काय आहे?"

"बारा मजली सोसायटी हाय," सोपानराव म्हणाले. "दोघांचीबी जमीन गेली त्यात. पन नांगर पयला आमचाच हाय!"

* * *

या सगळ्या दिवसांत माझ्या घरी फ्रिजवर एक फॉर्म लटकत होता. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानं छापायचा होता आणि समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ, अण्णा. राहायला खडकीला. माणूस वाईट नाही, पण अध्यक्ष आहे.

त्याचा फोन आला. "विनू, तुझा फॉर्म आला नाही. आणि हे बघ, अपत्यांचा रकाना रिकामा ठेव. तिथे आम्ही 'निःसंतान' छापतोय."

मी म्हटलं, "अण्णा, सायली तुझ्या मांडीवर बसून बोरं खायची."

"अरे, मला का माहीत नाही? पण समितीचं धोरण ठरलंय. जे अपत्य हयात नाही आणि लग्नही झालेलं नाही, ते वंशवेलीत घेत नाही. जागा वाढते."

"किती वाढते?"

"एक ओळ."

मी फोन ठेवला. नीला, माझी बायको, भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तो रकाना रिकामा जाणार असेल, तर माझंही नाव देऊ नका त्यांना."

फॉर्म मी भरला नाही आणि काढलाही नाही. फ्रिज उघडताना दिसायचा.

* * *

ऋतुजा खराडीला आयटीत आहे. सायलीची मैत्रीण, आता यादी तीच सांभाळते. तिच्या घरी सांगत, की आपला मूळपुरुष म्हणजे अत्यंत शिस्तीचा माणूस, शहरात फार दरारा. त्यांचा कागद निघाला तो कोतवालीचा! मूळपुरुषानं भर बाजारात घोडा बेफाम दौडवला, भाजीवालीची पाटी उडवली, आणि वर तिलाच विचारलं, "मध्ये का बसलीस?"

नियमाप्रमाणे वाचत होत्या सुमनताई. ऋतुजा समोर बसून तोंडावर हात धरून हसत होती. संध्याकाळी तिनं ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. काकांनी तिला ग्रुपमधून रिमूव्ह केलं. आजीनं मात्र फोन करून सगळं पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, "तरीच! तुझा बाप अजून सिग्नलला थांबत नाही."

काकांनी निरोप पाठवला, की यादीतून काढ, मग ग्रुपमध्ये घेतो. ऋतुजानं त्या कागदाचा फोटो डीपीला लावला. अजून आहे.

* * *

हसण्यासारखे सगळेच कागद नसतात. सुमनताईंचं दप्तर मी वाचलं. त्यांच्या माहेरची वंशावळ, पाच पिढ्या पुरुषांची नावं, आणि मग एका मुलाच्या नावाखाली आईची ओळ : 'बटीक गुणी'. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. सुमनताईंची सगळी शाखा त्याच मुलाची.

मी थांबलो. सुमनताई म्हणाल्या, "सर, वाचा ना. तुम्हीच थांबलात तर कसं?"

वाचलं. ऋतुजानं यादीत घातलं. आठवड्याभरात त्यांच्या भावाचा फोन आला, सुमनताईंनी तो स्पीकरवर ठेवला. "ताई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना आधी आपापले कागद आणू देत," सुमनताई म्हणाल्या. "मग बोलू."

पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं होतं. पाळण्यातलं नाव आत्यानं ठेवायचं म्हणून सुमनताईंनी स्वतःच्या मुलीच्या कानात आधीच सांगून ठेवलं. पत्रिकेत नाव वेगळं आहे. घरात सगळे तिला गुणीच म्हणतात. भाऊसुद्धा.

* * *

बापूकाकांचं दप्तर कुणीच वाचलेलं नाही. एक तरुण गृहस्थ एकदा घाईघाईनं गावच्या साक्षीदारांची ओळ वाचून दाखवत होते, "...पाटील, कुलकर्णी, चौगुला, वगैरे वगैरे."

"एकदाच लिहिलंय," बापूकाका म्हणाले. "आम्हाला उगाच वाढवू नका."

त्या गृहस्थांना कळलं नाही. मला कळलं, कारण सायलीनं सांगितलं होतं. ती पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिनं सरळ विचारलं, "काका, तुमचं दप्तर कुठंय?"

"आमचं वेगळं दप्तर नाही, पोरी. आम्ही तुमच्या सगळ्यांच्या दप्तरात आहोत." आणि तिच्यासमोरच्या कागदावर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवून दाखवलं. "हे बघ. पाटील, कुलकर्णी, वगैरे. त्या 'वगैरे'मध्ये. गावची हद्द आमच्या माणसांनी चालून दाखवली, प्रेतं आम्ही उचलली, सांगावे आम्ही पोचवले. नावं लिहायला जागा नव्हती."

पुढच्या रविवारी यादीत एक नवा रकाना होता. वर लिहिलेलं : 'वगैरे'. तेव्हापासून कुठल्याही कागदात तो शब्द आला की गाव आणि पान त्या रकान्यात नोंदवायचं. बापूकाका दर रविवारी तो उघडून बघतात. म्हणतात, "आमची वंशावळ भरभर वाढतेय!"

* * *

मे महिन्यात अण्णा स्वतःच आला. कुलवृत्तांताच्या शेवटी घराण्याचे जुने कागद छापायचे होते, आणि आमचं दप्तर यादीत होतं. अण्णाच्याच माळ्यावरून सायलीनं ते आणलं होतं. नोंदीपुढे तिनं लिहून ठेवलेलं : 'आमच्या घरचं आहे, मी वाचू शकत नाही. कुणीतरी वाचा.' ती गेल्यावर दप्तर बांधलेल्या त्या रुमालाची गाठ कुणी सोडली नव्हती. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

अण्णाचं पेन जिन्यातल्या डब्यात गेलं. बापूकाकांनी गाठ सोडली.

पहिले दोन कागद साधे होते. तिसरा पंचांपुढच्या जबानीचा. आमच्या घराण्यातली उमाबाई, नवरा वारलेला. दिरांचं म्हणणं, ही निपुत्रिक आहे, तेव्हा कुलकर्णीपणाचा हिचा हिस्सा आमच्याकडे यावा. बापूकाका वाचत होते :

"पंचांनी पुसिले, संतान काय. बाई बोलिली, लेकी तीन. पंच बोलिले, हयात किती. बाई बोलिली, हयात कोणी नाही. सबब निपुत्रिक..."

ते थांबले. कागद खिडकीकडे धरला. "इथे खोडलंय. 'निपुत्रिक'वर आडवी रेघ आहे. वर बारीक अक्षरात लिहिलंय, 'लेकी तीन. गोदी, ठकी, चिमी.' आणि पुढे, 'बाई बोलिली, तुम्ही पुसिले, आम्ही सांगितले. लिहिणे.'"

"मग?" अण्णानं विचारलं. "हिस्सा राहिला का तिच्याकडे?"

"ते कसरीला विचारा. पुढचा कागद तिनं खाल्लाय."

ऋतुजाची बोटं कीबोर्डवर चालली. "गोदी, ठकी, चिमी. घातली तिघींना."

"यादीत आलं ते आलं," सुमनताई म्हणाल्या.

अण्णानं वाकून ती रेघ पाहिली. मग त्यानं पिशवीतून एक छापील पान काढलं. दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं, माझी सही हवी होती. पानावर माझं नाव, नीलाचं नाव, आणि पुढे 'निःसंतान'. त्यानं ते टेबलावर ठेवलं, उमाबाईच्या कागदापासून हातभर लांब.

"विनू," तो म्हणाला, "तुझं काय लिहू?"

"तू विचारलंस, म्हणून सांगतो," मी म्हणालो. "लेक एक. सायली. लिही."

अण्णानं सवयीनं खिशाला हात लावला. खिसा रिकामा होता. मग त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि छापील शब्दावर टेकवली.

"थांबा," बापूकाका म्हणाले.

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवत जिन्यात गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आत आले. इतक्या वर्षांत तो डबा उंबरठ्याच्या आत आलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी झाकण काढलं, अण्णाचं पेन शोधलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"पेन्सिलीनं नको," म्हणाले. "पुसता येतं."