ऑक्सली बाईंची मुकी घंटा

ऑक्सली बाईंनी आर्कलबीच्या मुलींना छत्तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं, आणि त्यातली निदान वीस वर्षं एकाच जातीच्या प्रश्नावर खर्ची घातली. प्रश्न स्वतःबद्दलचा, पण त्यातून करणारा गायब. 'मला वगळण्यात येतंय का?' 'माझ्यावर हसण्यात येतंय का?' एकेका मुलीला फळ्यापाशी उभं करून बाई हे विचारायला लावत. सगळा वर्ग तिच्यावर खरोखरच खिदळत असे आणि बाई शांतपणे म्हणत, "कोण हसतंय ते आत आणायचं नाही. सभ्य माणूस नाव घेत नाही."

प्रश्नात शब्दांची उलटापालट होते, त्यासाठी बाईंकडे घरचाच दाखला होता. चर्चच्या मनोऱ्यात त्या विशीपासून घंटा वाजवत. सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. शेजारच्या दोन घंटांनी जागा बदलल्या की चाल बदलते. "'आय ॲम' म्हटलं की विधान. दोघांनी जागा बदलून 'ॲम आय' केलं की प्रश्न. मान खाली घालायची आणि शेजाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं, एवढंच."

गावाला हे व्याकरण शिकवावं लागलं असं मात्र नाही. आर्कलबीत कप कुणी फोडत नसे. तो फुटलेला आढळत असे.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईंचे कान गेले. एकदम नव्हे, आधी वरचे सूर गेले. किटलीची शिट्टी गेली, मांजरीचं म्याव गेलं, मागोमाग मांजरही शेजारी राहायला गेली. उरलं एक भाड्याचं घर, एक गॅसची शेगडी आणि रविवारचा दोर. दोर होता म्हणून शनिवारी झोपताना उद्या कुठेतरी जायचंय असं वाटे.

त्या वर्षीच्या घंटानादाच्या स्पर्धेत बाई चौथ्या घंटेवर होत्या. परीक्षक तंबूत बसतात. त्यांना वाजवणारे दिसत नाहीत, चुका तेवढ्या ऐकू येतात. निकाल हॉलमध्ये ऐंशी माणसांसमोर वाचला गेला. "आर्कलबी. चौथी घंटा उशिरा. चौथी पुन्हा उशिरा. यानंतर चौथी बहुधा जेवायला गेली असावी." ऐंशी माणसं आपापल्या ताटातल्या मांसाच्या पेस्ट्रीकडे पाहू लागली. आर्कलबीचा नंबर शेवटचा. त्यांच्या वर जो संघ आला, त्यातल्या एकाचा हात गळ्यात बांधलेला होता.

परतताना गाडी ब्रेंडा पिकर्सगिल चालवत होती. एकोणपन्नास वर्षांची, लोकरीचं दुकान, घंटावाल्यांची म्होरकी, आणि अर्थातच बाईंची विद्यार्थिनी. मागच्या सीटवरून बाईंनी विचारलं, "मला काढून टाकण्यात येतंय का?"

"छे हो बाई. उलट तुम्हाला पहिली घंटा द्यायचं ठरलंय."

कुणी ठरवलं, हे बाईंनी विचारलं नाही. पहिली घंटा म्हणजे सगळ्यांत हलकी, सगळ्यांत वरच्या सुराची, आणि सगळ्यांच्या पुढे. त्या खूश झाल्या.

पाच महिने बाईंनी पहिली घंटा वाजवली. तिचा सूर त्यांच्या कानांच्या पलीकडे होता. इतरांचे दोर बघून त्या आपला ओढत. मग एका शुक्रवारी मासेवाला अर्नी कागदात बाईंचा हॅडॉक मासा बांधता बांधता म्हणाला, "बाई, हल्ली पाचच घंटा वाजतात. कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"गेलं म्हणजे, गेलं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक जागा रिकामी राहते. दात पडल्यासारखी. आमची ही म्हणते, कुणाच्या तरी स्मरणार्थ असेल. फार छान वाटतं म्हणे."

बाई पिशवीतल्या हॅडॉकसकट मनोऱ्यावर चढल्या. साठ पायऱ्या, वर शिडी. पहिल्या घंटेच्या आतल्या लोलकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून घट्ट बांधलं होतं आणि त्याला चिठ्ठी लटकवली होती: 'काढण्यात येऊ नये. आदेशावरून.' कुणाचा आदेश, ते लिहिलं नव्हतं. वाक्यरचना निर्दोष होती.

बुधवारी सरावाला सगळे जमल्यावर बाईंनी विचारलं, "मी ऐकली जातेय का?"

पोस्टमन नॉर्मन छताकडे पाहू लागला. पाद्र्यांची बहीण वाकून बुटाची नाडी बांधू लागली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"मी बांधलं," ब्रेंडा म्हणाली. "रबर मी बांधलं, बाई."

"इतकं उघड बोलायची गरज नव्हती, ब्रेंडा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत."

"प्रश्न विचारला होता. उत्तर कुठे मागितलं?"

"आता मिळालंय तर पुढचंही ऐका. रविवारी बिशप येतायत. रबरासकट दोर धरायचा असेल तर धरा, नाहीतर खाली बाकावर बसा. सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय. नॉर्मननेसुद्धा."

"मी अर्धाच वर केला होता," नॉर्मन म्हणाला.

"पेन्शनीत माणसं बागकाम करतात, बाई," ब्रेंडा जरा मऊ आवाजात म्हणाली. ते सगळ्यांत वाईट होतं.

बाईंनी कोट चढवला, पिशवी घेतली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. नॉर्मनने त्यांचा दोर गुंडाळून खुंटीला टांगला.

रविवारी तो खुंटीवर नव्हता. बाई सगळ्यांच्या आधी येऊन, हातमोजे घालून, पहिल्या जागेवर उभ्या होत्या. ब्रेंडाने वर जाऊन रबर तपासलं. जागच्या जागी होतं. ती खाली आली आणि बाईंच्या नजरेला नजर न देता आपल्या दोरापाशी गेली.

सुरुवातीचा पुकारा पहिल्या घंटेने द्यायचा असतो. "सांभाळा," बाई म्हणाल्या. "निघाली." दोर खाली आला. "गेली."

आणि पाच घंटा वाजल्या.

प्रार्थना संपल्यावर बिशप दारात सगळ्यांचे हात हातात घेत होते. "नाद सुरेखच," ते म्हणाले. "पण दर फेरीआधीची ती क्षणभराची शांतता! मन अगदी थांबतं. कुणाची कल्पना?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. ब्रेंडाही.

"कल्पना हिची," बाई म्हणाल्या. "वाजवते मी."